‘ती ॲडजस्ट करेल’ हे हिशेबात कुठे बसतं?

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनियर. नोकरी चाकणला, राहायला वाकडला. सगळं कापून हातात १ लाख ६५ हजार येतात. पत्नी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला क्लिनिकमधून ४५ हजार मिळतात. मुलगी चार वर्षांची. फ्लॅटचा ५२ हजारांचा हप्ता धरून महिन्याचा खर्च १ लाख ३५ हजार, म्हणजे ७५ हजार उरतात. आता मला जर्मनीत श्टुटगार्टला वर्षाला ६६,००० युरोंची ऑफर आली आहे. रुपयांत जवळपास सत्तर लाख होतात! मित्र म्हणतात डोळे झाकून जा. सासरे म्हणतात, तिथे अर्धा पगार करातच जातो. दोन देशांची तुलना करणारे तक्ते पाहून डोकं आणखी फिरलं. आई-वडील कराडला असतात, वडिलांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. बहीण कोल्हापूरला. पत्नीचं म्हणाल तर ती ॲडजस्ट करेल. राहणीमान खरंच कुठलं चांगलं? — द्विधा मनःस्थितीतला, वाकड

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातल्या एका वाक्यावर मी दर वेळी अडले, त्याच्याकडे येतेच. आधी तुम्ही विचारलेला हिशेब करू.

सत्तर लाख हा आकडा डोक्यातून काढून टाका. पगार युरोत मिळणार असेल तर खर्चही युरोतच होणार. हल्ली युरो शंभरीच्या पुढे आहे, पण त्या दराने गुणून हातात काही येत नाही. दुधाचं बघा. पुण्यात गायीचं दूध साठीच्या आसपास लिटर, तिथे एक युरोच्या आसपास. म्हणजे पावणेदोन पट. आता केस कापायचं बघा. वाकडात दीडशे रुपयांत काम होतं, तिथे साधं कापून घ्यायलाही पंचवीस-तीस युरो पडतात. म्हणजे सतरा ते एकवीस पट. डबाबंद, यंत्रातून निघालेली वस्तू तिथे फारशी महाग नाही. जिथे माणसाचा हात लागतो, तिथे मात्र बिल ऐकून छातीत धस्स होतं. नळ दुरुस्त करणारा, सुतार, घर पुसणारी बाई, शिंपी, कुणाचंही घ्या. २०२६ च्या जानेवारीपासून तिथलं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि ते खरोखर द्यावं लागतं. मला ही गोष्ट चांगलीच वाटते. आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींच्या तासाला आपण काय देतो, ते एकदा मनाशी मांडून बघा.

जागतिक बँक देशादेशांतल्या किमती जुळवून बघते. त्या हिशेबाने जर्मनीत एका युरोत जे येतं, ते भारतात तीस रुपयांच्या आतबाहेर येतं. तसं धरलं तर तुमचे ६६ हजार युरो म्हणजे वीस लाख. हाही आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण विमानाचं तिकीट आणि फ्लॅटचा हप्ता तीसच्या भावाने भरता येत नाही. पण सत्तर लाखांपेक्षा तो खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

सासऱ्यांचं ‘अर्धा पगार’ही खरं नाही. नवरा-बायको दोघंही जर्मनीत राहत असतील आणि घर एकाच्याच पगारावर चालत असेल, तर करात मोठी सवलत मिळते. त्याला तिसरा कर-वर्ग म्हणतात. कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारी-विमा, वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा असं सगळं कापून महिन्याच्या ५,५०० पैकी साधारण ३,८०० युरो हातात पडतील. वर मुलीसाठी सरकार दरमहा २५९ युरो देतं. चार हजार साठ धरा.

आता खर्च. श्टुटगार्टमध्ये तीन खोल्यांचं घर, म्हणजे आपला टू बीएचके, नव्याने भाड्याने घ्यायचं तर हीटिंग धरून १,६०० युरोंच्या खाली सहसा मिळत नाही. जाहिरातीत जो आकडा ठळक दिसतो ते ‘थंड’ भाडं असतं. हीटिंग, पाणी, जिन्याचा दिवा, कचरा हे त्यात मिळवलं की ‘गरम’ भाडं होतं. घर बघताना नेहमी गरम किती ते विचारा. अनामत तीन थंड भाड्यांइतकी, त्याहून जास्त कायद्याने मागता येत नाही. आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही : पुष्कळ घरांत ओटासुद्धा नसतो. भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली दिसतात, बाकी स्वयंपाकघर भाडेकरूने आणायचं. सुरुवातीचे चार-पाच हजार युरो त्यातच जातात.

वीज, इंटरनेट आणि दर घराला सक्तीची असलेली रेडिओ-टीव्हीची वर्गणी मिळून १४०. किराणा, भाजी, दूध ६००. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, दुप्पट-अडीचपट भावाने. दोघांचे देशभर चालणारे महिन्याचे पास १२६, मुलगी सहाच्या आतली म्हणून तिला फुकट. बालवाडी जेवण धरून अडीचशे-तीनशे धरा. बर्लिनमध्ये बालवाडीला फी नाही, श्टुटगार्टमध्ये आहे, तेव्हा बर्लिनच्या मित्राचं ऐकून बजेट करू नका. फोन, कपडे, थंडीचे बूट, किरकोळ विमे यांना अडीचशे. वर्षातून एकदा तिघांनी भारतात यायचं तर महिन्याला दोनशे बाजूला पडलेच पाहिजेत. एकूण ३,२०० च्या आसपास.

राहिले साडेआठशे. त्यातून वाकडचा हप्ता जाणार, म्हणजे जवळपास पाचशे युरो. फ्लॅट भाड्याने दिलात आणि २८ हजार आले तर निम्मा भार उतरेल. मात्र मालक अनिवासी झाला की भाडेकरूला भाड्यातून तीस टक्क्यांच्या वर टीडीएस कापावा लागतो. तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण तोवर रक्कम अडकते. हे सगळं वजा-मिळवणी करून सव्वासहाशे युरो उरतात. रुपयांत पासष्ट हजार.

आज तुमच्याकडे पंचाहत्तर हजार उरतात. म्हणजे पैसे साठवायला जायचं असेल, तर निदान पहिली दोन-तीन वर्षं त्यात काही नाही.

मग लोक का राहतात तिथे? कारण पगारातून जे कापून जातं, त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या गोष्टी बँकेच्या पासबुकात दिसत नाहीत. तुमच्या एकट्याच्या वर्गणीत पत्नी आणि मुलगी दोघींचा आरोग्यविमा येतो, वेगळा हप्ता नाही. इस्पितळात राहावं लागलं तर मोठ्या माणसाला दिवसाला दहा युरो भरावे लागतात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. मुलांना तेही नाहीत. ॲडव्हान्स भरल्याशिवाय खाट नाही, हा प्रसंग तिथे येत नाही. उलट, गुडघा दुखतोय म्हणून पुण्यात आज संध्याकाळी तज्ज्ञ डॉक्टर भेटतो, तिथे साध्या दुखण्याला महिना-दोन महिन्यांनी वेळ मिळते. तुम्ही आजारी पडलात तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला वीस दिवस रजा आहे, पण बहुतेक कंपन्या तीसच्या आसपास देतात आणि ती घेतली नाही तर साहेबच विचारतो, कधी घेणार?

आणि वेळ. चाकणच्या कोंडीत तुमचे रोजचे तीन तास जात असतील, तर आठवड्याचे पंधरा झाले. ते तुम्हाला परत मिळतील. पाच-साडेपाचला घरी याल, उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, मुलीला घेऊन मैदानावर जाल. पुण्यातून तिथे गेलेल्या बापमाणसांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी पाहिला आहे. तो खरा आहे.

आता ते वाक्य. ‘पत्नीचं म्हणाल तर ती ॲडजस्ट करेल.’

पत्रात तुमच्या पगाराला, हप्त्याला, मित्रांना, सासऱ्यांना जागा मिळाली. तिच्या मनाच्या वाट्याला हे एवढंच वाक्य. तुम्ही वाईट माणूस आहात म्हणून नाही, हे मला कळतं. बहुतेक पत्रांत हे वाक्य असतंच. पण राहणीमान घराचं मोजता येत नाही, माणसागणिक मोजावं लागतं, आणि तुमच्या घरात पाच माणसं आहेत. तुमचे वाचलेले पंधरा तास हवेतून आलेले नाहीत. इथे धुणं-भांडी, केर-फरशी, पोळ्या करायला बाई येते, मुलीला पाळणाघरातून आणायला कुणी असतं. तिथे ते सगळं घरातल्या घरात. त्याचेही आठवड्याचे पंधरा तास होतात. तुम्ही कामावर, ती घरी. ते तास कुणाच्या अंगावर पडतील, हे तुम्ही मला सांगा.

मी १९९४ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे श्टुटगार्टला गेले. सांगलीत सात वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. तिथे माझ्या बी.एड.ला किंमत नव्हती आणि भाषा येत नव्हती. पहिल्या नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत अंधार व्हायचा. दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस म्हणजे फक्त नवरा, तेही सहानंतर. एकदा ठरवलं, आज बेकरीत आपण स्वतः बोलायचं. पुस्तकातून छोट्या पावांना ‘ब्र्योटशन’ म्हणतात हे पाठ केलं. जिना उतरताना तेच घोकत होते. दुकानात गेले, म्हटलं, आणि काउंटरमागची बाई हसून म्हणाली, “वेकले?” त्या भागात त्याला वेकले म्हणतात, ते माझ्या पुस्तकात नव्हतं. तिने चांगुलपणानेच विचारलं होतं. मी पाव न घेता बाहेर आले आणि ट्रामच्या थांब्यावर बसून रडले. पावासाठी नाही. सांगलीत चाळीस पोरं जिच्या आवाजाने गप्प बसायची, तिला दोन पाव मागता आले नाहीत, म्हणून.

श्टुटगार्टमध्ये ‘केरवोखे’ नावाची जुनी रीत आहे. केर म्हणजे झाडणं, अगदी आपल्या केरासारखं, आणि वोखे म्हणजे आठवडा. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आणि दारासमोरचा पदपथ तुम्ही झाडायचा, हिवाळ्यात बर्फ पडला तर तोही सकाळी ओढायचा. कामाला मी कधीच कमी लेखलं नाही. पण नऊ वर्षांत आमच्या घरी ती पाटी आली की झाडू माझ्याच हातात असायचा, आणि ती गोष्ट नवऱ्याच्या कधी लक्षातही आली नाही. त्याचं राहणीमान उंचावलं होतं. माझं वर यायला चार वर्षं लागली, भाषा शिकून एका शाळेत दुपारच्या वर्गाला मदतनीस म्हणून लागले तेव्हा. त्यानंतरची पाच वर्षं मात्र माझ्या आयुष्यातली फार सुंदर वर्षं आहेत, हेही तितकंच खरं.

तुमच्या पत्नीची गोष्ट माझ्याहून बरी होऊ शकते, कारण तिच्या हातात जे शिक्षण आहे त्याची तिथे टंचाई आहे. ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, जाणाऱ्याच्या जोडीदाराला जर्मन येत नसलं तरी व्हिसा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा असते. इथेच फसायला होतं. व्हिसाला भाषा लागत नाही, नोकरीला लागते. फिजिओथेरपी हा तिथे परवान्याचा व्यवसाय आहे. पदवी त्यांच्या पदवीशी ताडून बघतात, कमी पडलं तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि जर्मन बी-दोन पातळीपर्यंत, म्हणजे कामावर सहज बोलता येईल इतकं. शून्यापासून तिथवर नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं लागतात. म्हणून जर्मन शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात तिने आजच चौकशी करावी. कॉलेजकडून विषयवार तासांचा तपशील, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, क्लिनिकचं अनुभवपत्र हे सगळं निघण्याआधी काढून घ्या. तिथे बसून इथल्या कॉलेजच्या ऑफिसातून एक कागद मिळवणं किती अवघड असतं, हे वेगळं सांगायला नको. ती कमवू लागली की मघाचा हिशेबही बदलतो, आणि खरी शिल्लक तेव्हाच दिसायला लागते.

मुलीसाठी वय अगदी योग्य आहे. चार वर्षांचं मूल बालवाडीत सहा-आठ महिन्यांत भाषा उचलतं. सहाव्या वर्षी सरकारी शाळा, फी नाही, आणि पहिली-दुसरीतली पोरं शेजारच्या पोरांबरोबर चालत शाळेत जातात. दिवा लाल असताना मोठ्या माणसाने रस्ता ओलांडला तर एखादी आजी हटकते, मुलं बघतायत म्हणून. बालवाडीची जागा कायद्याने हक्काची आहे, प्रत्यक्षात रांग मोठी आहे. पत्ता मिळाला की त्याच दिवशी अर्ज करा. दुसरी गोष्ट : त्या राज्यात चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. परत यायचं मनात असेल तर त्याआधी या. बाराव्या-तेराव्या वर्षी उचलून आणलेली मुलं दोन्हीकडची राहत नाहीत, हे मी माझ्या जवळच्या दोन घरांत पाहिलं.

आई-वडिलांबद्दल तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. भेटीच्या व्हिसावर ते १८० दिवसांत ९० दिवस येऊ शकतात. २०२४ पासून कुशल कामगारांना आई-वडील आणायची वाट थोडी मोकळी झाली, पण त्यांच्या आरोग्यविम्याची सोय तुम्ही करायची असते. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांचा तसा विमा मिळणं जवळजवळ अशक्य आहे, आणि मिळालाच तर परवडत नाही. वडील कराडलाच राहणार, हे धरून चाला. रात्री फोन आला तर श्टुटगार्टच्या घरातून निघून कराडच्या दारात पोचायला चोवीस तास लागतात. तेवढ्या वेळात काय करायचं हे बहिणीशी समोरासमोर बसून ठरवा : कोणतं इस्पितळ, कुणाच्या सहीने, पैसे कोणत्या खात्यातून. दोन-अडीच लाख वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. आणि जो भार बहिणीवर पडणार आहे त्याबद्दल तिच्याशी आधीच बोला. गृहीत धरलेली दुसरी बाई तिच्या रूपाने तुमच्या पत्रात आहे.

नोकरीबद्दल एक सावधगिरी. श्टुटगार्टचा सगळा पट्टा मोटारींवर जगतो आणि २०२५ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी हजारो नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. पहिले सहा महिने सहसा प्रोबेशन असतं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. बारा महिने वर्गणी भरून झाल्यावर बेकारी-भत्त्याचा हक्क येतो, मूल असलेल्याला हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६७ टक्के. म्हणजे पहिलं वर्षच खरं धोक्याचं. कंपनीला स्पष्ट विचारा की तुमचा करार युनियनच्या ‘टारिफ’मध्ये, म्हणजे सामूहिक वेतनकरारात, बसतो का. बसत असेल तर त्या राज्यातल्या मोटार-यंत्र उद्योगात आठवडा ३५ तासांचा आहे. इंजिनियर पुरवणाऱ्या मधल्या कंपनीचा करार असेल तर बहुधा ४० तास, आणि मंदी आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. वाकडचा फ्लॅट काही झालं तरी इतक्यात विकू नका.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने तुम्ही एकटे जा. लोक याच्या उलट सांगतील. पण त्या सहा महिन्यांत प्रोबेशन संपेल, घर मिळेल, ओटा बसेल, बालवाडीत नाव लागेल. तुम्ही जिना झाडाल, स्वतःचा डबा स्वतः कराल. आणि ती इथे तिच्या क्लिनिकमध्ये, तिच्या पगारावर, जर्मन शिकत राहील. नंतर ती येईल ती हातात काहीतरी घेऊन येईल. सहा महिने मुलीपासून लांब राहणं सोपं नाही, हे मला माहीत आहे.

त्याआधी एक काम करा. रविवारी दुपारी मुलगी झोपली की एक कोरा कागद घ्या, त्यावर पाच रकाने आखा : तुम्ही, पत्नी, मुलगी, आई, वडील. प्रत्येकाचा सकाळी सहा ते रात्री दहापर्यंतचा दिवस आधी इथला लिहा, मग तिथला. आई-वडिलांचा रकाना त्यांना फोन करून भरा. पत्नीचा रकाना तुम्ही भरू नका, पेन तिच्या हातात द्या आणि ती लिहीत असताना मध्ये बोलू नका. मग मला पुन्हा पत्र लिहा, दोघांच्या सहीचं.